पाण्याला भिणारा नावाडी

वाचकहो, लोणावळ्याहून पुण्याला जाणाऱ्या लोकलगाडीत तुम्ही पुष्कळदा बसला असाल. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी स्टेशने मागे पडतात. पुढे चिंचवड येते, पिंपरी येते. मग कासारवाडी, दापोडी आणि खडकी. दापोडी आणि खडकी यांच्यामध्ये गाडी नदीच्या पुलावरून जाते. ती मुळा नदी. आपल्या मावळातून निघालेली पवना तिथेच जवळ मुळेला मिळते. म्हणजे आपल्या शिवारातले पाणी वाहत वाहत तिथवर गेलेले असते.

या दापोडी-खडकी भागात सैन्याची जुनी ठाणी आहेत. तिथे एक जवान आला. त्याला पोहता येत नव्हते. पाण्याची भीती वाटत होती. चार वर्षांनी तो साऱ्या जगाच्या शर्यतीत नाव घेऊन उतरला. त्याचे नाव दत्तू बबन भोकनळ.

त्याची हकिकत आज आम्ही सांगणार आहोत. वयाने तो आमच्या मुलासारखा आहे. म्हणून आम्ही त्याला अरेतुरेच म्हणतो. त्यात कमीपणा नाही, माया आहे.

ही हकिकत सांगायला एक कारण घडले. आमच्या रात्रीच्या वर्गात एक गृहस्थ येत असत. वय पंचेचाळीसच्या पुढे. घरची भाताची खाचरे, दोन म्हशी, दिवसभर राबणे. पाटी हातात घेतली की ते म्हणायचे, "गुरुजी, हा हात नांगराचा. याला आता काय वळण लागायचं? हे पोरांचं काम." आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांना दत्तूची गोष्ट सांगितली.

कोरड्या गावचा मुलगा

नाशिक जिल्ह्यात चांदवड नावाचा तालुका आहे. त्या तालुक्यात तळेगाव रोही हे गाव. हे तळेगाव निराळे. आपल्या मावळातले तळेगाव दाभाडे ते हे नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. खाचरे तुडुंब भरतात. चांदवडकडे तसे नाही. तो दुष्काळी मुलूख. पाऊस थोडा, आणि तोही भरवशाचा नाही. पाणी हवे तर विहीर खोल न्यावी लागते.

याच गावी १९९१ साली दत्तूचा जन्म झाला. त्याचे वडील विहिरी खोदण्याचे काम करीत. हे काम किती कठीण ते तुम्हांला सांगायला नको. वरची माती निघते, मुरूम निघतो, पण खाली काळा कातळ लागतो. टिकाव मारावा, दगड फुटावा, तो वर ओढावा. एवढे करून पाणी लागेलच असे नाही.

घरची गरिबी होती. दत्तू शाळकरी वयातच वडिलांच्या हाताखाली कामाला लागला. मिळेल ती मजुरी त्याने केली. पेट्रोलच्या पंपावर रात्रपाळीही केली. रात्री गाड्यांत पेट्रोल भरायचे आणि दिवसा शिकायचे.

२०११ साली वडील हाडांच्या कॅन्सरने वारले. दत्तू घरातला थोरला. पाठीवर धाकटे भाऊ आणि घरात आई. पोट भरले पाहिजे. त्याने सैन्यात भरती व्हायचे ठरवले. २०१२ साली तो भरती झाला.

वाचकहो, इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. दत्तू तेव्हा एकवीस वर्षांचा होता. वल्हे म्हणून काही असते, ते कसे धरतात, हे त्याला ठाऊक नव्हते. पुढे ज्यांच्याशी त्याची गाठ पडली, त्यांतले कितीतरी जण लहानपणापासून नावेत बसत आले होते.

खडकीची छावणी

सैन्यात नुसती बंदूक चालवणारेच असतात असे नाही. पूल बांधणारे, रस्ते करणारे, सुरुंग काढणारेही असतात. त्यांना सॅपर्स म्हणतात. बॉम्बे सॅपर्सचे मुख्य ठाणे खडकीला आहे. दत्तू या पथकात दाखल झाला.

सॅपर्सचे आणि पाण्याचे नाते जवळचे. नदीवर पूल टाकायचा तर पाण्यात उतरावे लागते, होड्या चालवाव्या लागतात. म्हणून या पथकात नावेचा खेळही जोरात असतो. दत्तू सहा फुटांहून उंच. हातपाय लांब. लांब हाताचा माणूस वल्हे लांबवर नेऊ शकतो. त्याच्या वरच्या लोकांनी हे हेरले. त्याला नावेच्या खेळासाठी निवडले.

दापोडीच्या सैनिकी इंजिनियरिंग कॉलेजात नावेच्या शिक्षणाचे केंद्र आहे. तिथे वल्हवण्यासाठी लांब, सरळ जलमार्ग तयार केलेला आहे. कुदरत अली हे तिथले शिक्षक. त्यांच्या हाताखाली दत्तू शिकू लागला.

पण पाणी पाहून त्याच्या पोटात गोळा येई. त्याने पुढे हे मोकळेपणाने सांगितले आहे. आणि त्यात नवल ते काय? जिथे विहिरीच्या तळाशी घागर बुडण्याइतके पाणी दिसले की आनंद होतो, तिथला तो मुलगा.

आम्ही तर म्हणतो, पाण्याची भीती ही काही खोटी भीती नव्हे. आपल्या लोणावळ्यात दर पावसाळ्यात लोक मजेसाठी येतात आणि ओढ्यात निष्काळजीपणे उतरतात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातली पाच माणसे पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेली. क्षणापूर्वी ती पाण्यात उभी होती. पाण्याला न भिणे हे शौर्य नव्हे. पाणी समजून घेणे, आणि मग त्यात उतरणे, हे शहाणपण.

दत्तूने तेच केले. तो आधी पोहायला शिकला. मग नावेत बसायला शिकला.

ही नाव कशी असते

नाव म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोळ्याची होडी येते. रुंद, जड लाकडाची, चार माणसे आणि एक शेळी सहज मावेल अशी. शर्यतीची नाव तशी नसते.

एका माणसाची शर्यतीची नाव साधारण आठ मीटर लांब असते. म्हणजे सव्वीस-सत्तावीस फूट. आपल्या घराची पडवी असावी एवढी लांबी. पण रुंदी मात्र फक्त वीतभर, फार तर सव्वा वीत. वजन अवघे चौदा किलो. म्हणजे भाताच्या भरल्या पोत्याहून पुष्कळ हलकी. एक माणूस ती खांद्यावर घेऊन चालू शकतो.

एवढी अरुंद नाव पाण्यावर उभी कशी राहते? ती आपल्या आपण राहातच नाही. डोंबारी दोरावर चालतो तेव्हा हातात आडवी काठी धरतो. त्या काठीने त्याचा तोल सांभाळला जातो. इथे काठीच्या जागी दोन वल्ही असतात. एक डाव्या हातात, एक उजव्या हातात. ती दोन्ही बाजूंना पाण्यावर पसरलेली असतात, म्हणून नाव सरळ राहते. वल्ही हातची सुटली की नाव कलंडते आणि माणूस पाण्यात. शिकाऊ माणसे सुरुवातीला अशी किती वेळा तरी पडतात.

दुसरी गंमत बसण्याची. बसायची फळी एका जागी नसते. तिला खाली चाके असतात. ती मागेपुढे सरकते. पाय मात्र समोर जोड्यांत घट्ट बांधलेले. माणूस गुडघे दुमडून पुढे येतो, वल्ही पाण्यात घालतो आणि पायांनी रेटा देत मागे सरकतो. लोकांना वाटते, नाव हातांनी चालते. तसे नाही. नाव चालते पायांच्या बळाने. शहाणा हमाल पोते उचलताना पाठीने उचलत नाही, पायांनी उचलतो. तसेच हे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत न्यारी. नाव जिकडे जायची, तिकडे नावाड्याची पाठ असते. शेवटची खूण त्याला दिसत नाही. त्याला दिसतात ते फक्त मागे पडलेले लोक आणि मागे पडलेले पाणी. पुढे काय आहे ते न पाहता, हाताच्या सवयीवर आणि मनातल्या हिशेबावर नाव सरळ न्यायची. बैलगाडी हाकणाऱ्याला सांगा पाहू, पाठ फिरवून दोन किलोमीटर गाडी सरळ ने!

शर्यत कशी असते

नावेच्या शर्यती मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एक संथ पाण्यावरची, दुसरी खळाळत्या पाण्यावरची.

खळाळत्या पाण्याच्या शर्यतीत माणूस तोंड पुढे करून बसतो आणि त्याच्या हातात एकच वल्हे असते. पाण्यावर जोडीजोडीने दांडे टांगलेले असतात. त्या दांड्यांच्या मधून नाव काढायची. दांड्याला धक्का लागला तर दोन सेकंद दंड. एखादी जोडी चुकली तर पन्नास सेकंद दंड. जर्मनी देशात ऑग्सबर्ग नावाच्या शहरी यासाठी खास कालवा बांधला, आणि १९७२ साली ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा तिथे झाला. आषाढात आपला ओढा कसा उसळतो ते आठवा, म्हणजे या खेळाची कल्पना येईल.

दत्तूचा खेळ संथ पाण्यावरचा. अंतर दोन हजार मीटर, म्हणजे दोन किलोमीटर. जुन्या हिशेबाने सव्वा मैल. पाण्यावर तरंगत्या खुणा लावून सहा पट्टे आखलेले असतात. शेतात सरळ तासे घालावीत तसे. एका पट्ट्यात एक नाव. कोणी कोणाच्या वाटेत यायचे नाही. इशारा झाला की सहाही नावा सुटतात.

चांगला नावाडी मिनिटाला तीस-पस्तीस वेळा वल्ही मारतो. सारी शर्यत सात मिनिटांच्या आसपासची. तेवढ्यात दोनशेहून अधिक वेळा वल्ही पाण्यात जातात आणि बाहेर येतात. प्रत्येक वेळी सारखी, प्रत्येक वेळी नेमकी. आमच्या मते हीच खरी परीक्षा. एकदा जोर लावणे कोणालाही जमते. दोनशे वेळा तोच जोर त्याच रीतीने लावणे हे शिक्षणाशिवाय जमत नाही. भातलावणीला वाकलेली बाई पहिल्या रोपाला जशी हात घालते, तशीच संध्याकाळी शेवटच्या रोपालाही घालते. तिला ही गोष्ट बरोबर समजेल.

हळूहळू पुढे

दत्तू रोज पहाटे पाण्यावर जाऊ लागला. दोन वर्षे गेली. २०१४ साली देशातल्या स्पर्धेत त्याने दोन सुवर्णपदके मिळवली. त्याच साली दक्षिण कोरियातल्या इंचॉन शहरी आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे एकट्याच्या शर्यतीत तो पाचवा आला.

पाचव्या नंबराला पदक मिळत नाही. पण दोन वर्षांपूर्वी जो पाण्यात उतरायला भीत होता, तो आता साऱ्या आशियात पाचवा होता. २०१५ साली चीनमधल्या बीजिंग शहरी आशियाची नावेची स्पर्धा झाली. तिथे तो दुसरा आला. रौप्यपदक मिळाले.

आता पुढची पायरी ऑलिंपिकची. ऑलिंपिक म्हणजे साऱ्या जगातल्या देशांचा चार वर्षांनी भरणारा खेळांचा मेळा. मनात आले म्हणून तिथे जाता येत नाही. आधी पात्रता सिद्ध करावी लागते. त्यासाठी २०१६ च्या एप्रिल महिन्यात दक्षिण कोरियातल्या चुंगजू गावी शर्यत होती.

नेमक्या त्याच सुमारास घरी संकट आले. आईला अपघात झाला. डोक्याला मार लागला. तिची स्मृती गेली, माणसे ओळखू येईनात. वडील आधीच गेलेले. आता आईची ही दशा. अशा वेळी माणसाचे चित्त थाऱ्यावर कसे राहावे? परंतु दत्तू कोरियाला गेला आणि शर्यतीत दुसरा आला. ऑलिंपिकचे दार उघडले. लेकाने काय मिळवले, ते आईला समजण्यासारखे नव्हते.

रिओचे सरोवर

२०१६ सालचे ऑलिंपिक ब्राझील देशात रिओ शहरी भरले. नावेच्या खेळात भारतातून गेलेला माणूस एकच. तो म्हणजे दत्तू. शहराच्या मधोमध एक सरोवर आहे. चोहोबाजूंनी डोंगर. त्या सरोवरात शर्यती झाल्या.

एकट्याच्या नावेत ३२ देशांचे ३२ नावाडी होते. पहिल्या फेरीत दत्तू आपल्या गटात तिसरा आला आणि पुढच्या फेरीत गेला. पुढच्या फेरीला २४ जण उरले. त्यांच्या सहासहांच्या चार शर्यती झाल्या. प्रत्येक शर्यतीतले पहिले तीन पदकाच्या वाटेवर राहणार होते. दत्तू चौथा आला.

एकाच नंबराने पदकाची वाट बंद झाली. पण शर्यती संपल्या नव्हत्या. उरलेल्या बारा जणांना आपला नंबर ठरवण्यासाठी आणखी वल्हवायचे होते. पदक तर आता मिळणार नाही. मग जीव तोडून वल्हवायचे कशाला, असे एखाद्याला वाटले असते. दत्तूने तसे केले नाही. पुढच्या शर्यतीत तो दुसरा आला. आणि आपल्या गटाच्या शेवटच्या शर्यतीत सहा जणांत पहिला आला. वेळ लागली ६ मिनिटे ५४.९६ सेकंद. रिओतली ही त्याची सर्वांत चांगली वेळ.

या शर्यतीत पहिला आला, तर त्याचा नंबर तेरावा कसा? हिशेब सोपा आहे. वरच्या बारा जणांच्या दोन शर्यती वेगळ्या झाल्या. त्यांतून पहिला ते बारावा नंबर ठरला. त्यांच्या खालच्या गटात जो पहिला, तो साऱ्या जगात तेरावा.

त्या स्पर्धेत पहिल्या नंबराची गंमतही ऐका. न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन हे दोघे एकदमच शेवटच्या रेषेवर आले. दोघांची वेळ ६ मिनिटे ४१.३४ सेकंद. तिळमात्र फरक नाही. शेवटी फोटो पाहून ठरवावे लागले, की ड्रायस्डेलची नाव केसभर पुढे होती. एकाला सोने, दुसऱ्याला चांदी. आणि आपल्या चांदवडच्या दत्तूची वेळ त्यांच्यापेक्षा साडेतेरा सेकंदांनी जास्त. साडेतेरा सेकंद म्हणजे किती? मनातल्या मनात सावकाश तेरापर्यंत मोजा. जगातला पहिला आणि दुष्काळी गावचा हा जवान यांच्यात एवढेच अंतर होते.

एकट्याची हार, चौघांची जीत

२०१८ साली पुन्हा आशियाई स्पर्धा आल्या. या वेळी इंडोनेशिया देशात. नावेच्या शर्यती पालेंबांग शहरी होत्या. दत्तूकडून लोकांची मोठी आशा होती. पण एकट्याच्या अंतिम शर्यतीत तो सहावा आला. सहा नावांत सहावा, म्हणजे अगदी शेवटचा.

दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या नावेची शर्यत होती. या नावेत चार जण एकामागे एक बसतात. प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही. म्हणजे एकूण आठ. सवर्णसिंग, ओमप्रकाश, सुखमीतसिंग आणि आपला दत्तू असे चौघे जण नावेत होते. चौघेही सैन्यातले जवान.

चौघांच्या नावेत एक मोठी अडचण असते. चौघेही बळकट असून भागत नाही. आठही वल्ही एकाच क्षणी पाण्यात गेली पाहिजेत आणि एकाच क्षणी बाहेर आली पाहिजेत. एकाने घाई केली की नाव अडखळते. एकाने दम खाल्ला तरी अडखळते. औताला चार बैल जुंपले आणि एक आडमुठा निघाला, तर काय होते ते तुम्ही जाणताच. इथे भाषा वेगळी, मुलूख वेगळे, पण वल्ह्यांचा ताल एक.

चौघांनी ती शर्यत ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत जिंकली. यजमान इंडोनेशियाची नाव दुसरी आली. भारताला सुवर्णपदक मिळाले. आशियाई स्पर्धेत नावेच्या खेळात भारताला मिळालेले हे दुसरे सुवर्ण. पहिले २०१० साली बजरंगलाल ताखर यांनी चीनमध्ये मिळवले होते.

काल जो शेवटचा होता, तो आज पहिल्या नावेत होता. मधे गेली होती फक्त एक रात्र.

पुढे काय झाले

गोष्टी सांगणारे पुष्कळदा इथेच थांबतात. सोन्याचे पदक मिळाले, गोष्ट संपली. पण आम्ही मास्तर. अर्धा धडा शिकवून वर्ग सोडणे आम्हांला पटत नाही.

२०१९ साली भारताच्या नौकानयन महासंघाने दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. आशियाई स्पर्धेतल्या एकट्याच्या शर्यतीत तो वल्हवता वल्हवता मध्येच थांबला, असे महासंघाचे म्हणणे होते. बंदी म्हणजे स्पर्धेत उतरायचे नाही. खेळाडूच्या उमेदीची वर्षे थोडी असतात. शेतकऱ्याला दोन हंगाम पेरणी करू नको म्हणावे, तसे हे झाले.

पुढच्या वर्षी, २०२० च्या आरंभी, ती बंदी उठवण्यात आली. आणि त्याच २०२० साली भारत सरकारने दत्तूला अर्जुन पुरस्कार दिला. हा देशातल्या खेळाडूंना मिळणारा मोठा मान आहे.

तेव्हा दत्तूची वाट सरळ चढाची नव्हती. कधी वर, कधी खाली, असा तो आपला घाटाचा रस्ता होता. पाचवा, दुसरा, तेरावा, सहावा, पहिला. मग बंदी. मग मान. नुसते पहिल्या नंबराचे वर्ष सांगितले, तर माणूस कळत नाही. सगळी वर्षे सांगितली, म्हणजे कळतो.

यातून घेण्यासारखे

शेवटी आमच्या वर्गातल्या त्या गृहस्थांकडे वळू.

दत्तूची गोष्ट त्यांनी नीट ऐकून घेतली. मग म्हणाले, "गुरुजी, तो एकवीस वर्षांचा होता. मी सत्तेचाळीसचा." आम्ही म्हणालो, "खरं आहे. पण त्याला जगाशी शर्यत करायची होती. तुम्हांला कुणाशी करायची आहे?" त्यावर ते हसले.

आम्ही त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. त्याच तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट. हात कामाने कठीण झाला म्हणून तो शिकत नाही, हे खोटे. टिकाव धरणाऱ्या हाताने वल्हे धरले. नांगर धरणारा हात लेखणी धरील. पहिले काही दिवस लेखणी वाकडी जाईल. नवशिक्याची नावही कलंडतेच. कलंडली की सरळ करायची आणि पुन्हा बसायचे.

दुसरी गोष्ट. एकदम जोर करू नये. रोज थोडे, पण रोज. दोनशे वल्ह्यांतले एकही वल्हे नाव पैलतीराला नेत नाही. पण सगळी मिळून नेतात. अक्षरांचेही तसेच आहे. एक अक्षर काही वाचायला देत नाही. पण अक्षराला अक्षर जोडले की सातबारा वाचता येतो, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचता येते, बँकेच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही करता येते. कोणी दुसऱ्याने वाचून दाखवावे आणि आपण मान डोलवावी, ही पाळी राहत नाही. कागदावर काय लिहिले आहे ते न कळल्यामुळे किती जणांच्या जमिनी गेल्या, हे मावळातल्या माणसाला आम्ही काय सांगावे!

तिसरी गोष्ट. नावाड्याची पाठ पुढच्या टोकाकडे असते. किती अंतर राहिले ते त्याला दिसत नाही. पण किती अंतर कापले ते डोळ्यांपुढे असते. तुम्हीही तसेच करा. अजून किती शिकायचे आहे ते मोजत बसू नका. मागच्या महिन्यात काय येत नव्हते आणि आज काय येते, ते पाहा.

त्या गृहस्थांनी वर्ग सोडला नाही. काही महिन्यांनी ते पुण्याला दवाखान्यात जायला निघाले. लोकलगाडीत आम्हीही बरोबर होतो. खिडकीशी बसून ते प्रत्येक स्टेशनची पाटी पाहत होते. पाटी वाचून पुरी होण्याआधीच गाडी हलायची. त्यांना राग यायचा. कासारवाडी गेली. पुढच्या स्टेशनावर गाडी जरा जास्त थांबली. त्यांनी बोट पुढे केले आणि एकेक अक्षर लावले.

"दा... पो... डी." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुमच्या त्या पोराचं गाव आलं."

गाव त्याचे ते नव्हे, हे आम्हांला ठाऊक होते. पण तो तिथेच शिकला, हे खरे होते. आम्ही काही बोललो नाही. गाडी सुटली आणि नदीच्या पुलावर आली. खाली आपल्या पवनेचे पाणी मुळेच्या पाण्यात मिसळून वाहत होते.